माझ्या मशीनवरच नापास!

ऑफिसातली भांडणं बॉसवरून होतात, एसीच्या टेम्परेचरवरून होतात. आयटीवाल्यांची मात्र एका लपलेल्या फाइलवरूनही होतात, आणि त्यात नव्या माणसाची चांगलीच वाट लागते.

हिंजवडीतल्या एका मैत्रिणीचं उदाहरण घ्या. मॅडम प्रोबेशनवर. टीमचा कोड जसाच्या तसा उतरवून घेतला, ऑटोमेटेड टेस्ट्स चालवल्या, तर अकरा फेल! सर्व्हरवर सगळं हिरवंगार, शेजाऱ्याच्या मशीनवरही. सिनिअरचं निदान तयार, ‘तूच काहीतरी हलवलंयस.’ तिने तर एका ओळीलाही हात लावला नव्हता.

व्हिलन होता तिच्या होम फोल्डरमधल्या डॉट गिटकॉन्फिग फाइलमध्ये. ही गिट वापरणाऱ्याची पर्सनल सेटिंग्जची फाइल. प्रत्येक कमिटवर डिजिटल सही व्हावी, असं तिने त्यात लिहून ठेवलं होतं. सवय चांगलीच. पण त्या टेस्ट्स स्वतःची तात्पुरती रिपॉझिटरी बनवून तिथे कमिट करायच्या. सहीसाठी जीपीजी पासफ्रेज मागणार, आणि टेस्टमध्ये तो टाइप करायला बसलंय कोण? कमिट अडकलं, टेस्ट नापास. दुसरी गंमत मुख्य ब्रँचच्या नावाची. २०२० च्या गिट २.२८ पासून ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. तुमचं ‘मेन’, टेस्ट शोधतेय ‘मास्टर’. झालं!

पकडायचा फंडा सोपा आहे. ‘गिट कॉन्फिग’ला ‘लिस्ट’ आणि ‘शो-ओरिजिन’ हे ऑप्शन द्या. कोणतं सेटिंग कुठल्या फाइलमधून आलं ते दिसतं. संशयित ओळ तात्पुरती बंद करा, टेस्ट पुन्हा चालवा. पास झाली की चोर सापडला.

पण ती ओळ कायमची पुसू नका. दुरुस्ती टेस्टमध्येच हवी. गिटच्या स्वतःच्या टेस्ट्स ‘होम’ तात्पुरत्या फोल्डरकडे वळवतात. २०२१ च्या गिट २.३२ पासून तर ‘गिट कॉन्फिग ग्लोबल’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल रिकाम्या फाइलकडे वळवलं, की पर्सनल सेटिंग्ज बाहेर. कमिटसाठीचं नाव नि ईमेल मात्र मग टेस्टनेच द्यायचं.

तेव्हा सिनिअर मंडळी, नव्या मुलीच्या मशीनवर टेस्ट फेल झाली, तर ‘तू काय केलंस?’ऐवजी ‘तुझी सेटिंग्ज काय आहेत?’ असं विचारा. तिने काही बिघडवलेलं नसतं. तुमच्या टेस्टमधलं भोक फक्त तिला आधी दिसलेलं असतं. अशा मुलीला कन्फर्म करायचं असतं, बॉस!