लादीच्या पाठीमागे

बडोदे जिल्ह्यातील सावली परिसरात नव्या घरांना हल्ली मोरबीच्या लाद्या बसू लागल्या आहेत. घरधनी रंग व भाव पाहून लादी निवडतो. पण ती ज्याच्या आधारे टिकावयाची, त्या मालाची चौकशी क्वचितच करतो.

लादी पालथी करून तिच्या पाठीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. भिंतीची साधी सिरॅमिक लादी ते लगेच पिते. ती आपल्या वजनाच्या शेकडा १० हून अधिक पाणी शोषू शकते. अशी लादी भिजवून सिमेंट-वाळूच्या मालावर बसविली तरी चालते. व्हिट्रिफाइड लादी मात्र शेकडा अर्धा भागही पाणी घेत नाही. मग सिमेंट तिच्या पाठीत शिरणार कसे? आज ती चिकटलेली दिसते, उद्या पोकळ वाजते. आणि भिंतीवरची असल्यास एखाद्या लेकराच्या अंगावर पडण्याचे भय असते.

तिला पॉलिमरयुक्त चिकट मसालाच हवा. भारतीय मानक १५४७७ अन्वये त्याचे ५ प्रकार आहेत. लादी कोणती व जागा कोणती, हे दुकानदारास सांगावे आणि पोत्यावरील प्रकार वाचूनच माल घ्यावा. मसाला दातेरी थापीने सर्वत्र पसरावा. नुसते चार कोपऱ्यांवर गोळे ठेवू नयेत. घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालू नये.

पोत्याचे दाम अधिक पडतात, हे खरे. परंतु वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूने उगाच दिलेला नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, त्यावरच घर उभे असते.