जिनिंग बुडाली, रांगेत पहिला कोण?



जिनिंग बुडाली की तिच्या जागेवर दोघे हक्क सांगतात: गहाणवाली बँक आणि करवसुलीवाले सरकार. दोघेही म्हणतात, पहिला बोजा माझा. जळगाव जनता सहकारी बँकेच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 30 ऑगस्ट 2022 रोजी निकाल दिला. केंद्रीय नोंदणीत बँकेचे गहाण आधी नोंदलेले असेल, तर आधी बँक, मग विक्रीकर.

आणि मालेगाव-नांदगावचा कापूसवाला? त्याने उधारीवर घातलेल्या कापसाचा बोजा कुठल्याच वहीत नाही. लिलावात दोघांचे भागून उरले तर त्याचे!

सरकारकडे मागणी एकच: शेतमालाच्या देण्याचा बोजा कायद्याने पहिला धरा. तोवर काट्यावर माप, हातात दाम. नुसत्या चिठ्ठीवर गाडी रिकामी करू नका.