आसने नंतर, आधी दरवाजे मोजा

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात, मर्सी नदीच्या काठी, एव्हर्टन या फुटबॉल क्लबचे नवे स्टेडियम उभे राहिले आहे. एक जुनी गोदी वाळूने भरून काढून त्या जागेवर ते बांधले गेले आणि २४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे प्रीमिअर लीगचा पहिला सामना झाला. १८९२ पासून क्लबचे घर असलेले गुडिसन पार्क आता महिला संघाकडे गेले आहे. नव्या स्टेडियमची चर्चा निघाली की दोन आकडे हमखास विचारले जातात : खर्च किती आणि आसने किती? येथे आसने सुमारे ५३ हजार आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मात्र तिसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. एवढी माणसे किती मिनिटांत सुखरूप बाहेर पडू शकतात?

हा प्रश्न विचारायला ब्रिटन शिकला तो फार मोठी किंमत मोजून. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात सामना संपताना जिन्यावर ६६ जण दगावले. त्यानंतर १९७३ मध्ये 'ग्रीन गाइड' ही सुरक्षेची मार्गदर्शिका आणि १९७५ मध्ये कायदा आला. तरीही १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील दुर्घटनेने लिव्हरपूल क्लबच्या ९७ चाहत्यांचा बळी घेतला. ज्या बाजूने ते आत येत होते तेथे उभ्याने सामना पाहणाऱ्या सुमारे १०,१०० प्रेक्षकांसाठी फक्त सात टर्नस्टाइल होती. आजच्या निकषानुसार एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे आत घेता येतात. म्हणजे सगळ्यांना आत घ्यायला दोन तासांहून अधिक वेळ हवा होता. दोष अनेक वर्षे प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. त्यांची काही चूक नव्हती, हे २०१६ मध्ये ज्यूरीने स्पष्ट केले.

अशा घटनांना आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो आणि डोळ्यांसमोर येतात ती घाबरून पळणारी, एकमेकांना तुडवणारी माणसे. प्रत्यक्षात दाट गर्दीत पळायला जागाच नसते. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली की कोणाचेही पाऊल स्वतःच्या ताब्यात राहत नाही आणि गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाऊ लागते. मागच्यांना पुढे काय चालले आहे हे कळत नाही, आणि त्यांचा साधा रेटाही पुढच्यांवर साठत जातो. चारही बाजूंनी दाबली गेलेली छाती फुगू शकत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा होते. एवढ्या वेळात रुग्णवाहिका गर्दी फोडून पोहोचत नाही. म्हणून या मृत्यूंवरचा खरा उपाय रुग्णालयात नसतो, तो नकाशावर असतो.

हे गणित शाळकरी मुलालाही जमेल असे आहे. ब्रिटिश निकषानुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे जाऊ शकतात, जिन्यावरून ६६. मैदान रिकामे व्हायला आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. आगीचा धोका असेल तर त्याहूनही कमी. या हिशेबाने ५३ हजार प्रेक्षकांसाठी सपाट वाटांची एकूण रुंदी सुमारे ८० मीटर हवी, जिन्यांची सुमारे १०० मीटर. वाट यापेक्षा अरुंद असेल तर एकच मार्ग उरतो : आसने कमी करणे.

कागदावरच्या हिशेबावरही तेथे कोणी विसंबून राहिले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या मैदानात आधी १० हजार प्रेक्षक बोलावले, मार्चमध्ये २५ हजार, आणि ऑगस्टमध्ये रोमा संघाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात मैदान भरून पाहिले. नवे औषध थोड्या रुग्णांपासून सुरुवात करून तपासतात, तशीच ही पद्धत.

आपल्याकडेही दुर्घटनांची उदाहरणे कमी नाहीत. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर फुटबॉल सामन्यात १६ प्रेक्षक गेले. २०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जणांचा जीव गेला. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण दगावले. प्रत्येक वेळी मदत जाहीर होते, चौकशी नेमली जाते आणि 'गर्दी अनावर झाली' हे वाक्य ऐकू येते. गर्दी अनावर होत नाही, वाट अपुरी पडते.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांना लोटणारी गर्दी पाहिली की फुटबॉलवरचे प्रेम आपल्या मातीत किती मुरले आहे ते कळते. अशा गावांना चांगली मैदाने मिळालीच पाहिजेत. पण कोणतेही नवे मैदान मंजूर करताना, किंवा जुने वाढवताना, तीन गोष्टी जाहीर व्हाव्यात : बाहेर पडण्याच्या वाटांची एकूण रुंदी, मैदान रिकामे व्हायला लागणारी मिनिटे आणि त्यावरून ठरलेली प्रेक्षकमर्यादा. हे आकडे प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि मर्यादेबाहेर एकही तिकीट विकू नये. सामना हरला तर पुढच्या रविवारी जिंकता येतो. त्यासाठी आलेला प्रत्येक जण संध्याकाळी घरी पोहोचला पाहिजे.