विट्याची गाडी, काठमांडूचा रस्ता

“नवी गाडी घेतलीय. आईला पशुपतिनाथाला न्यायचं म्हणतोय, पोरंबाळं घिऊन. इमान नको, ह्याच गाडीनं. जमंल का?” खानापूर तालुक्यातल्या एका गलाई व्यावसायिकानं परवा फोनवर विचारलं. गाडी जर्मन बनावटीची, डिझेलवरची, किंमत पाऊण कोटीच्या पुढची. वाहनं आणि रस्ते या विषयावर दर आठवड्याला लिहितो म्हटल्यावर मायलेज, हप्ते, टायर यांबद्दलचे फोन नेहमीचेच. हा प्रश्न मात्र मला मनापासून आवडला. आपल्या भागात महागडी गाडी घेणारे पुष्कळ आहेत, पण तिच्यातून घरच्यांना कुठं न्यायचं याचा विचार आधी करणारे थोडेच भेटतात. त्यांना म्हणालो, जमेल. जायलाच हवं, असंही म्हणालो. का आणि कसं, ते आज सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगावचा पूर्व भाग आणि सातारा जिल्ह्यातले माण, खटाव हा सगळा पर्जन्यछायेचा टापू. कृष्णाकाठाला ऊस आणि इकडे ढगांकडे डोळे. कराडजवळच्या टेंभूतून कृष्णेचं पाणी उचलून या माळांवर आलं ते अलीकडे. त्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी गाव सोडलं आणि सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा धरला. जुने दागिने मुशीत आटवायचे, नायट्रिक ॲसिडात उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाशी उरतं. मग त्या द्रावणात तांब्याचा पत्रा सोडून चांदी परत मिळवायची. सराफाच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घ्यायची आणि तिच्यातून कण न् कण काढायचा. या कामात तांबूस-पिवळा धूर निघतो. छोट्या खोलीत, भट्टीशेजारी, त्या धुरात कैक माणसांची उमेदीची वर्षं गेली. तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब असं करत ही माणसं देशभर पांगली आणि सीमा ओलांडून काठमांडूतही पोचली.

त्या पिढीत कर्ता माणूस तिकडे आणि आई, बायको, मुलं इकडे अशीच बहुतेक घरं होती. मनिऑर्डर यायची, पत्र यायचं, जत्रेला माणूस यायचा. तो राहतो कुठं, खातो काय, भट्टी कशी असते हे घरच्या बाईनं कधी पाहिलेलं नसायचं. पुढच्या पिढीनं बायकामुलं सोबत नेली, दुकानं वाढवली, पैसा केला. म्हातारी मात्र गावच्या घरीच राहिली. त्या घरासमोर आज जी गाडी उभी राहते, ती त्या दूरच्या भट्टीतून आलेली आहे. म्हणून मला वाटतं की या गाडीचा पहिला मोठा प्रवास त्या दिशेनं व्हावा आणि आई त्यात असावी.

दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते, चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते. तेव्हा गावातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचत फिरावं. एमएच-10 आणि एमएच-11च्या जोडीला केरळ, तमिळनाडू, बंगाल, सगळी राज्यं दिसतात. या गाड्यांमागचे कष्ट अभिमान वाटावा असेच आहेत आणि मला तो वाटतो. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर यायचा, तिथं ही वाहनं स्वतःच्या मिळकतीवर उभी आहेत. औरंगाबादमध्ये ऑक्टोबर 2010 मध्ये शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली. मोठ्या गाड्या मुंबई-पुण्यातच विकल्या जातात हा समज त्या दिवशी मोडला. आपल्याकडे तर यंत्रांची ओळख त्याहून जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर, आजच्या पलूस तालुक्यात, कारखाना उभारला आणि तिथं लोखंडी नांगर तयार होऊ लागले. त्याच घराण्याचं नाव पुढं टोयोटाशी जोडलं गेलं. फॉर्च्युनर दारात आली की ती मला परक्या गावची वाटत नाही, ती त्यामुळंच.

माझा आक्षेप गाडी घेण्याला नाही, ती घेऊन उभी करून ठेवण्याला आहे. दोन टन वजन, मोठं इंजिन, खड्डा गिळणारं सस्पेन्शन, तासन् तास बसून पाठ न दुखणारी सीट, यासाठी आपण पैसे मोजतो. हे सगळं लांबच्या रस्त्यासाठी बनवलेलं असतं. वर्षभर गाडी विटा ते सांगली आणि सांगली ते विटा एवढीच पळणार असेल, तर त्या पैशाचा मोठा भाग वाया गेला असं मी स्पष्ट म्हणेन.

आता कामाचं. गाडी अजून घ्यायची असेल, तर घरातल्या वयस्कर माणसाला सोबत घेऊन शोरूमला जावं आणि त्यांना मागच्या सीटवर चार वेळा चढायला-उतरायला लावावं. गुडघा दुखणाऱ्या बाईला फार उंच एसयूव्ही त्रासाची आणि फार खाली बसणारी सेडानही त्रासाची. दुसरी गोष्ट टायरची. बऱ्याच महागड्या गाड्यांत पूर्ण मापाचं स्टेपनी चाकच नसतं. एक तर तात्पुरतं बारीक चाक असतं किंवा पंक्चर झाल्यावर थोडं अंतर धावणारे टायर असतात. पुणे-बंगळूर महामार्गावर ते चालून जातं. नेपाळच्या डोंगरात खडीवर टायरची बाजू फाटली, तर त्या मापाचा टायर जवळपास मिळणं कठीण. म्हणून मोठ्या चाकांच्या देखण्या पर्यायापेक्षा छोटं रिम आणि जाड टायर घ्यावेत. सनरूफवर खर्च करण्याआधी पूर्ण मापाच्या स्टेपनीचं विचारावं. बऱ्याच बीएस-6 डिझेल गाड्यांना धूर शुद्ध करणारं ॲडब्लू लागतं, त्याचा कॅन डिकीत हवा. डिझेलची काळजी मात्र नको. नेपाळला इंधन इंडियन ऑइलच पुरवतं आणि 2019 पासून बिहारमधल्या मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत थेट पाइपलाइन आहे.

गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, याचा निर्णयही प्रवासाचा विचार करून घ्यावा. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के, डिझेलला 15 टक्के आणि कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के वाहन कर आहे. त्याची कमाल मर्यादा 2025 मध्ये 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली. सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी 40 टक्के झाला. आधी उपकर धरून तो 50 टक्क्यांपर्यंत जायचा. कर वाचवायला दुसऱ्या राज्यात पासिंग करून गाडी कायमची गावी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे 12 महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. ज्यांचा धंदा खरोखर केरळात आहे, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी हा मोह टाळावा. सीमेवर उभं राहिल्यावर गाडी, मालक आणि चालक यांचा संबंध एका कागदावर सरळ दिसला पाहिजे.

नेपाळला आपल्या गाडीनं जायला पासपोर्टही सक्तीचा नाही. भारतीय नागरिकाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र सगळ्यांसाठी ग्राह्य धरत नाहीत, तेव्हा आईचं मतदार कार्ड शोधून ठेवावं. गाडीचं आरसी बुक, लायसन्स, विमा आणि पीयूसी मूळ प्रतीत हवेत. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फर्मच्या नावावर असेल तर चालवणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र जवळ असावं. सीमेवर नेपाळच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे तिथल्या कस्टममध्ये, दिवसांच्या हिशेबानं शुल्क भरून परवाना मिळतो. वर्षाला 30 दिवसांची मर्यादा असते. जितके दिवस लागतील असं वाटतं, त्यापेक्षा दोन दिवस जास्तीचे भरावेत. दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि मुदत संपली, तर दंड भरावा लागतो.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो विमा. आपली नेहमीची पॉलिसी सीमेपलीकडे लागू होत नाही. जास्तीचा हप्ता भरून तिचं क्षेत्र नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवून मिळतं. त्याची नोंद पॉलिसीवर लेखी हवी. पाऊण कोटीची गाडी विम्याशिवाय डोंगरात नेणं म्हणजे घर गहाण टाकून जुगार खेळणं, आणि हे न विचारता निघणारी माणसं मी पाहिली आहेत. एजंट तोंडी ‘चालतंय’ म्हणाला, तर ते चालत नाही असं समजावं.

रस्ता आता फार सोपा झालाय. नागज फाट्यावर रत्नागिरी-नागपूर महामार्गाला लागायचं. सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, नागपूर. तिथून पेंचच्या जंगलावरून जबलपूर, मग रीवा, प्रयागराज, गोरखपूर आणि सीमेवरची सोनौली. अंतर सुमारे 1800 किलोमीटर. गाडीची ताकद बघून पोरं म्हणतील, दोन दिवसांत पोचू. मी म्हणेन, चार-पाच दिवस घ्या. म्हातारं माणूस सोबत आहे आणि वाटेत तुळजाभवानी आहे, नांदेडचा गुरुद्वारा आहे, त्रिवेणी संगम आहे, थोडी वाकडी वाट केली तर काशी आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हा रस्ता हीच यात्रा वाटेल. सोनौली ओलांडली की तासाभरात लुंबिनी, पहिला मुक्काम तिथं करावा. गाडी तिथंही डाव्या बाजूनंच चालते, त्यामुळं चालवताना बिचकायला होत नाही.

पुढचा रस्ता मात्र गंभीरपणे घ्या. नारायणगढ, मुग्लिंग आणि मग त्रिशूलीच्या काठानं काठमांडू. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी. ऑगस्ट 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव परिसरातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीपात्रात कोसळली आणि 25हून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्रिशूलीकाठी दरडीनं दोन बसगाड्या नदीत लोटल्या. महागड्या गाडीतल्या एअरबॅगा दरडीपुढं काही करू शकत नाहीत. म्हणून पावसाळ्यात जाऊ नये, अंधार पडल्यावर घाटात गाडी घालू नये, आणि चालवणारे दोघं असावेत. दोघांपैकी एकानं तरी आंबेनळी आणि कुंभार्लीसारखे घाट पावसाळ्या-उन्हाळ्यात चालवलेले असावेत. गाडी कालच घेतली आणि उद्या निघालो, असं नको. आधी दोन-तीन महिने तिच्यावर हात बसू द्यावा.

त्या गलाई व्यावसायिकानं फोन ठेवता ठेवता विचारलं, “आन् लंडन?” तेही झालेलं आहे. मुंबईचे उद्योजक बद्री बलदवा 2017 मध्ये वयाच्या 73व्या वर्षी पत्नी आणि दहा वर्षांच्या नातीला घेऊन बीएमडब्ल्यूनं लंडनला गेले. इंफाळमार्गे म्यानमार, थायलंड, चीन करत 19 देश आणि 72 दिवस. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो एक वर्ष चालतो. शिवाय ‘कार्ने’ लागतं. गाडी त्या देशात विकणार नाही, परत आणीन, याची ती सीमाशुल्काची हमी असते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन हे काम करते आणि त्यासाठी मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते. 2021 मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतल्यापासून तो मार्ग भरवशाचा राहिलेला नाही. ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि धीर तिन्ही आहे त्यांनी तो विचार जरूर करावा. पण आई सत्तरीत असेल, तर तिला 19 देशांच्या शिक्क्यांपेक्षा काठमांडू जास्त जवळचं आहे. भूतानही सोपं आहे, मात्र तिथं सप्टेंबर 2022 पासून भारतीय पर्यटकाला माणशी रोज 1200 रुपये शुल्क आहे. सहा जणांच्या घराचा आठवडाभराचा हिशेब आधी करून ठेवावा.

काठमांडूला पोचल्यावर पशुपतिनाथ, बौद्धनाथ, पाटण हे सगळं होईलच. एक दिवस मात्र गलाईच्या दुकानांसाठी ठेवावा. आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतली माणसं तिथं काम करतात. ओळख निघतेच, गावाचं नाव सांगितलं की पुढचं सगळं आपोआप होतं. आईला मूस दाखवा, भट्टी दाखवा, ॲसिडची बरणी दाखवा. तुमच्या वडिलांनी केरळात किंवा कोलकात्यात काय केलं, हे तिनं आजवर फक्त ऐकलेलं आहे. नातवंडांनाही दाखवा. ज्या गाडीच्या मागच्या सीटवर ती मोबाइल बघत बसतात, ती गाडी कुठून आली हे त्यांना समजायला हवं. धंद्यात न उतरणारी मुलं असतील तर जास्तच.

वेळेचं सांगतो. दसरा-दिवाळीत जाऊ नका. नेपाळमध्ये तेव्हा दशैं आणि तिहार असतात, कचेऱ्या बंद आणि रस्ते भरलेले. शिवाय तुम्हाला विट्यात पालखीला थांबायचं असेलच. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत गोरखपूरकडे आणि तराईत दाट धुकं असतं, दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. तेव्हा दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्यात निघून डिसेंबर लागता लागता परत या, नाहीतर फेब्रुवारी-मार्च धरा. गाडी कर्जावर असेल तर बँकेचं पत्र हातात पडायला वेळ लागतो, त्यामुळं तो अर्ज सगळ्यात आधी द्या आणि विम्याच्या एजंटाला त्याच दिवशी गाठा.