शत्रूच्या लेखणीतले ड्रुइड

ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांचे धर्मगुरू. गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, ब्रिटन आणि आयर्लंड हा त्यांचा मुलूख. निवाडे तेच करत. युद्ध आणि कर त्यांना माफ. ज्युलियस सीझर लिहितो की त्यांचे काही शागिर्द वीस-वीस वर्षे शिकत आणि ढीगभर पद्ये तोंडपाठ करत. धर्मविद्या लिहून ठेवायला मात्र मनाई. लिहिता येत नव्हतं असं नाही. इतर व्यवहारांत ते ग्रीक अक्षरं वापरत. सीझरला याची दोन कारणं वाटली: विद्या बाहेर फुटू नये आणि लिहिलेल्यावर विसंबून स्मरणशक्ती ढिली पडू नये. दुसरं कारण मला लगेच पटलं. ‘वहीत आहे सर’ म्हणणारी मुलं मला रोज भेटतात.

पण पुढे काय झालं? तिबेरियस आणि क्लॉडियस या रोमन सम्राटांनी ड्रुइडांवर बंदी आणली. इ.स. ६०च्या सुमारास रोमन फौजेने वेल्सजवळच्या अँगलसी बेटावरच्या त्यांच्या पवित्र राया तोडल्या. पाठ असणारे संपले, तशी विद्याही संपली. आज त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकही ओळ हाती नाही.

इथे मला यमामाची लढाई आठवते. तिच्यात कुरआनचे अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) अस्वस्थ झाले. त्यांच्या आग्रहावरून हजरत अबू बकर (रजि.) यांनी जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडून कुरआन एकत्र लिहून घेतला. हिफ्ज चालूच राहिलं, सोबत लेखणीही आली. ड्रुइडांमध्ये असं सांगणारा कोणी उमर निघाला नाही.

म्हणून त्यांची ओळख परक्यांनी करून दिली. माणसांना वेताच्या पुतळ्यात कोंडून जाळतात, हे सांगणारा सीझर तेव्हा गॉल जिंकत होता. नरबळी होतच नसत, असा माझा दावा नाही; पण फिर्यादीच न्यायाधीश असेल तर निकाल जपून वाचावा. आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्यात जातो, ही त्यांची श्रद्धाही तोच सांगतो, आणि लगेच जोडतो की त्यामुळे लोक मरणाला भीत नाहीत. सेनापतीची नजर! त्याचीच एक नोंद मात्र मला जवळची वाटली: गॉल लोक काळ रात्रींनी मोजत, आधी रात्र आणि मग दिवस. आपली ईदही चाँद रातीपासूनच सुरू होते.

सणांचं तेच. बेल्टेनला दोन आगींमधून गुरं हाकत, हे आयर्लंडच्या ख्रिस्ती लेखकांनी कित्येक शतकांनी लिहिलं.

रिकाम्या जागेत मग कोणीही काहीही भरतं. दर उन्हाळ्यात पांढरे झगे घालून स्टोनहेंजला जमणाऱ्यांचे फोटो आपण पाहतो. ते दगड ड्रुइडांच्या कितीतरी शतकं आधीचे. आणि तो पांढरा झगा? तोही प्लिनी नावाच्या रोमन लेखकाच्या एका उताऱ्यातला.