कार्डामागच्या चार ओळी



आपल्या या पत्रिकेत आपण उसाच्या जाती, खोडव्याची निगा, पाचट न जाळण्याचे फायदे आणि सभांचे वृत्तान्त नेहमीच वाचतो. या खेपेला आम्ही जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. विषय फोटोचा आहे. "साखर सोडून हे कुठं निघाले?" असे कोणी म्हणेल. पण कृपा करून शेवटपर्यंत वाचावे. बांधावरून निघून आपण बांधावरच परत येणार आहोत.

गेल्या हंगामात तालुक्याच्या गावी हौशी छायाचित्रकारांनी एक स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'आमचं गाव, एका कार्डात'. फोटो पोस्टकार्डासारख्या, सहा इंच बाय चार इंच कागदावर छापून पाठवायचा. ज्याने आपले गाव कधी पाहिलेले नाही अशा परमुलखातल्या माणसाच्या हाती ते कार्ड पडले, तर त्याला गाव कळले पाहिजे, अशी अपेक्षा. धंदेवाईक फोटोग्राफरांना प्रवेश नव्हता. आणि आणखी एक गोष्ट जाहीर केली होती : बक्षीस मिळो वा न मिळो, प्रत्येक कार्डाच्या मागे परीक्षक आपला अभिप्राय लिहून ते परत पाठवतील. त्यासाठी मागची निम्मी बाजू कोरी ठेवायची होती.

पोस्टकार्ड म्हटले की आमच्या वयाच्या माणसाला जरा वेगळेच वाटते. आपल्या देशात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले आणि त्याची किंमत पाव आणा होती. पुढे चित्रांची कार्डे निघाली. सुरुवातीला त्यांची एक बाजू पुरी पत्त्याला द्यावी लागे आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. १९०२ साली इंग्लंडच्या टपाल खात्याने मागच्या बाजूचे दोन भाग पाडायला परवानगी दिली, निम्म्यात पत्ता आणि निम्म्यात मजकूर, आणि मग पुढची बाजू सगळी चित्राला मिळाली. आमच्या घरी चित्राची कार्डे क्वचित आली, पण साधी पुष्कळ आली. हळद-कुंकवाचे बोट लागलेले आले तर लग्न, कोपरा फाडलेले आले तर वाचायच्या आधीच घरात रडारड. सांगायचे एवढेच की, कार्डाच्या मागच्या बाजूला काय लिहिले आहे याची धास्ती आम्हाला लहानपणापासून आहे. ती या वयात पुन्हा अनुभवली.

आमच्या नातीने मोबाईल हातात देऊन भरीस घातले आणि आम्ही दोन फोटो पाठवले. पहिला आमच्याच वावरातला. आडसाली उसाला तुरा आलेला, मागून कलते ऊन, सगळे शेत चांदीसारखे चमकतेय. दुसरा तोडणीचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फळी लावलेली, फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या एक बाई, अलीकडे बैल, पलीकडे टोळी आणि लांबवर आपल्या कारखान्याचे धुराडे. दुसऱ्या फोटोवर आमचा फार जीव. ऊस आहे, बैल आहेत, ट्रॉली आहे, कारखाना आहे. म्हणजे गावात जे जे आहे ते सगळे आले, असा आमचा हिशोब. घरी दाखवला, सगळे म्हणाले फक्कड. सोसायटीच्या कट्ट्यावर दाखवला, तिथेही म्हणाले, "एक नंबर!" मग काय, बक्षीस घरात आल्यासारखेच आम्ही वागू लागलो.

महिनाभराने पाकीट आले. तुऱ्याच्या फोटोला उत्तेजनार्थ बक्षीस होते. मागे लिहिले होते, 'प्रकाश मागून घेतल्याने तुरे उजळले. सुंदर.' तोडणीच्या फोटोला काहीच नव्हते. मागे मात्र चार ओळी होत्या.

'धुराडे कलले आहे. मोबाईल सरळ धरा.

दुपारच्या उन्हात चेहरे काळे पडतात. सकाळी नवाच्या आत किंवा चारनंतर घ्या.

बैल, ट्रॉली, टोळी, कारखाना यांत पाहायचे कोणाकडे? पाहण्यासारख्या त्या बाई आहेत, पण त्यांची मोळी वरून आणि पावले खालून कापली गेली आहेत.

त्यांचे नाव काय? त्यांना हा फोटो दाखवलात का?'

खरे सांगतो, आधी राग आला. धुराड्याचे ठीक, ते कललेले होतेच. पण नाव कशाला पाहिजे? फोटो आमचा, वावर आमचे, यांना नावाशी काय करायचे? कार्ड आम्ही कपाटात टाकून दिले आणि बक्षिसाचे तेवढे शेजाऱ्याला दाखवायला नेले. शेजारी आमच्यासारखाच जुना ऊसवाला. त्याने तुऱ्याच्या फोटोकडे पाहिले आणि म्हणाला, "चांगलाय. पण काय हो, तोड लांबली वाटतं तुमची?"

आता हे सभासदांना फोडून सांगायला नको. तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते. तोड आणखी लांबली की पांगशा फुटतात, कांडीला दशी पडते, वजन घटते आणि उताराही घटतो. परीक्षकांना जिथे चांदी दिसली तिथे शेजाऱ्याला आमचे नुकसान दिसले. दोघेही खोटे बोलत नव्हते. परीक्षक उजेडाचे जाणकार, शेजारी उसाचा. ज्याला ज्यातले कळते त्याने त्यातले सांगितले. मग वाटले, बक्षिसाचा अभिप्राय एका माणसाने दोन वाक्यांत इतका खाली आणला, तर कपाटातल्या त्या चार ओळींनाही एकदा तपासून पाहायला काय हरकत आहे?

कार्ड घेऊन आम्ही नातीपुढे बसलो. मोबाईलमधला मूळ फोटो पाहिला, तर त्यात मोळी पुरी होती आणि पावलेही होती. मग कापले कोणी? उलगडा असा झाला. बहुतेक मोबाईलचा फोटो चारास तीन या मापाचा असतो आणि सहा बाय चारचा कागद म्हणजे तिनास दोन. सहा इंच रुंदीला मोबाईलचा फोटो साडेचार इंच उंच होतो, कागद मात्र चारच इंचांचा. राहिलेला अर्धा इंच छापताना वरून-खालून जातो. स्टुडिओवाल्याने काही मुद्दाम केले नाही. चूक आमची होती. आम्ही बैल, ट्रॉली आणि धुराडे आडवे बसवण्याच्या नादात बाईंच्या वर-खाली जागाच सोडली नव्हती. कागद कमी पडला तेव्हा कापले जायला कडेला त्याच होत्या.

आणि नाव? सलग तीन हंगाम ती टोळी आमच्या शिवारात येते. मुकादमाचे नाव आम्हाला पाठ, ट्रॅक्टरवाल्याचे पाठ, बैलांचीसुद्धा नावे ठाऊक. बाईंचे ठाऊक नव्हते. आपल्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते आणि ती मुकादमामार्फत पुरुषाच्या हाती पडते. मोळी बाईच्या डोक्यावर असते, पण वहीत तिची वेगळी ओळ नसते. फोटोच्या कडेला बाई कापली गेली यात नवल काय? आमची नजर आधीपासूनच तशी पडत होती.

हंगाम संपत आला होता, पट्टा पडायला चार-सहा दिवस उरले असतील. टोळी मुलखाला जायच्या आत आम्ही संध्याकाळी कोप्यांवर गेलो. बाई चुलीपुढे होत्या. आम्हाला पाहून उठल्या, म्हणाल्या, "काय मालक, सकाळची गाडी कमी भरली का?" आम्ही कार्ड पुढे केले. त्यांनी पदराला हात पुसून घेतले, चुलीच्या उजेडात ते धरले आणि बराच वेळ पाहिले. मग हसल्या.

"मोळीच न्हाई की हो यात. मंग मी हात वर करून काय करतीया?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "अन् पाय? फळीवर पाय घट्ट नसला तर माणूस खाली येतंय, मालक. सगळा जोर पायावर असतोय."

परीक्षकांनी जे लिहिले होते तेच बाई सांगत होत्या. फरक एवढाच की परीक्षकांनी चौकट पाहून सांगितले आणि बाईंनी फळीवर चढून. आम्ही मोबाईलमधला पुरा फोटो दाखवला. तेव्हा त्यांनी शेजारच्या कोपीतल्या बायकांना हाक मारली आणि सगळ्या मिळून तो पाहत बसल्या. आम्ही नाव विचारले. त्यांनी सांगितले, पण "पेपरात नका छापू" म्हणाल्या. म्हणून इथे दिलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, त्यांना विचारून, जवळ जाऊन, मोबाईल उभा आणि सरळ धरून, वर-खाली जागा सोडून आम्ही पुन्हा फोटो घेतला. त्यात बैल नाहीत, धुराडे नाही. फळी, पावले, मोळी आणि चेहरा आहे. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक त्या मुलखाला घेऊन गेल्या.

आता आमचे मत. आपण सहकारी माणसे. एकमेकांच्या सल्ल्याने चालायचे म्हणून तर आपण एकत्र आलो. पण अभिप्राय घेण्याची सवय आपली मोडत चालली आहे. सभेत टाळ्या वाजतात, 'मंजूर, मंजूर' होते आणि चहा-नाश्ता होतो. पत्रिकेला कोणी लिहिले तर 'अंक उत्तम' एवढेच लिहितात. आपल्या पिकाला कोणी नाव ठेवले की आपण आठ दिवस त्याच्याशी बोलत नाही. आपला तो बाब्या! माती परीक्षणाचा कागद मात्र आपण पैसे देऊन आणतो. त्यात स्फुरद कमी आहे असे लिहिले असले तर प्रयोगशाळेवर कोणी रागावते का? उलट 'जमीन फक्कड आहे' एवढेच लिहून आले तर पैसे परत मागू. मग माणसाने खरे सांगितलेले का टोचावे?

जाणकारांना काम दाखवून मते ऐकायची ही रीत काही आजची नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस कॅमेऱ्याने टिपली आणि ते छोटे चित्र लोकांना दाखवले. त्यावरून पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला. आधी थोडे करायचे, ते दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे ठेवायचे आणि मग मोठे करायचे, ही शेतकऱ्याचीच चाल आहे. नवे बेणेही आपण आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो.

मात्र अभिप्राय कसाही दिला तर चालत नाही. त्या कार्डावर आम्हाला कोणी 'भिकार' असे लिहिले असते तर आम्ही ते फाडून टाकले असते आणि शिकलो काहीच नसतो. त्यांनी चूक दाखवली, तिचे कारण दिले आणि पुढच्या वेळी काय करायचे तेही सांगितले. तसेच, आलेला प्रत्येक अभिप्राय डोळे मिटून घ्यावा असेही नाही. तो उसाबद्दल आहे की उजेडाबद्दल, हे ज्याचे त्याने पाखडून घ्यावे.

म्हणून आमची संपादक मंडळाला एक सूचना आहे. येत्या हंगामात या पत्रिकेतर्फे सभासद आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठी अशीच कार्डावरची फोटोस्पर्धा ठेवावी. हार-तुऱ्यांचे फोटो त्यात घेऊ नयेत. ते आपण वर्षभर छापतोच. फोटोत माणूस असेल तर त्याला विचारून घेतलेला असावा आणि छापील प्रत त्याला दिलेली असावी. प्रत्येक कार्ड परत जावे आणि त्याच्या मागे काय साधले, काय चुकले आणि पुढे काय करावे, हे लिहिलेले असावे. परीक्षकांत एक फोटोतला जाणकार असावा, एक सभासद असावा आणि एक तोडणीच्या टोळीतला असावा, शक्यतो बाई. 'त्यांना काय कळतंय फोटोतलं?' असे ज्याला वाटत असेल त्याने वरचा मजकूर पुन्हा एकदा वाचावा.

तोडणीचे ते पहिले कार्ड आता आमच्या घरात भिंतीवर आहे, मागची बाजू पुढे करून. येणारा-जाणारा विचारतो, फोटो उलटा का लावला? आम्ही त्याला चार ओळी वाचायला सांगतो.

हा लेख वाचून जे पटले नसेल तेही कळवावे. नुसते 'उत्तम' लिहून पाठवू नये, ही विनंती.

जय सहकार!