ध्यान हवे, आणि रात्रही हवी

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. ज्या धर्मात ध्यानाला मानाचे स्थान आहे, तो वैनगंगेच्या या काठी दोन हजार वर्षांपूर्वीच रुजला होता. ध्यान ही पवनीला परकी वस्तू नव्हे. परंतु आज तेच ध्यान ताणावर आणि निद्रानाशावर रामबाण उपाय म्हणून सांगितले जाते, तेव्हा त्याची परीक्षा करणे भाग आहे.

ताण आला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक स्रवतात. निरोगी माणसात त्याची पातळी पहाटे चढते व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली येते. ध्यानाने ते घटते काय, याविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. चिंता व नैराश्य काही प्रमाणात कमी होते, असे त्यात दिसले; झोपेबाबत मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही. २०१५ साली ४९ वृद्धांवरील एका छोट्या चाचणीत झोप सुधारलेली आढळली. ध्यानाला थोतांड म्हणून हिणवणे जितके चूक, तितकेच त्याला सर्वरोगहर ठरवणेही चूक.

खरा प्रश्न पुढेच आहे. झोपेची वेळच ज्याच्या हाती नाही, त्याने काय करावे? रात्रीच वीज मिळते तेव्हा शेतकऱ्याला अंधारात ओलित करावे लागते. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिचा लाभ प्रत्येक पंपापर्यंत पोहोचला पाहिजे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली घोषित झाले. जंगलालगतच्या शिवारात रानडुकरांपासून धान राखायचे तर जागल चुकत नाही. अशा माणसाला डोळे मिटून श्वासाकडे पाहण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

धम्म हा मूलतः सामाजिक आहे, असे डॉ. आंबेडकरांनी निक्षून सांगितले होते. कार्यकर्त्यांनी ध्यान करणाऱ्याची टवाळी करू नये. मात्र दिवसा वीज, शेताला कुंपण आणि पीकहानीची वेळेवर भरपाई या मागण्या ध्यानशिबिराच्या बदल्यात सोडूही नयेत.